गावाचा नकाशा काढला, वाडी फाटकाबाहेर गेली (तिसरी-चौथीचा परिसर अभ्यास)

खडूफळा
नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, आज पहिलाच धागा काढतेय. शुद्धलेखन सांभाळून घ्या, मास्तरीण असले तरी मोबाइलवर टंकतेय.

जुन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. तिसरी आणि चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत, मिळून २३ पोरं. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक आपल्याकडे जिल्ह्या-जिल्ह्याचं वेगळं निघत आलंय, हेतू चांगलाच. पण जिल्ह्याचं पुस्तक झालं तरी त्यात आमचा ओढा कुठून येणार? म्हणून यंदा ठरवलं, नकाशाचा धडा वाचायचा नाही. नकाशा काढायचा.

पहिल्या दिवशी सांगितलं, शाळेपासून घरापर्यंत पावलं मोजून या. दुसऱ्या दिवशी वर्गात भांडण. शेजारी शेजारी राहणारे दोघे, एकाची पावलं ४१०, दुसऱ्याची ५६०. "बाई, हा खोटं बोलतो." मी गप्प बसले (फार अवघड असतं हो हे). शेवटी चौथीतल्या एका पोरीने दोघांना एका रेषेवर उभं करून दहा-दहा पावलं टाकायला लावली आणि प्रकरण मिटलं. मग कुणीतरी घरून विहिरीवरचा जुना दोर आणला, १० मीटरचा कापून दर मीटरला गाठ मारली, आणि त्या दोराने आम्ही गाव मोजलं. फिरायचं ते दुपारी तीनच्या आत, दोन पालक बरोबर घेऊन, उसाच्या कडेने कुणाला एकट्याने जाऊ द्यायचं नाही. आमच्याकडे बिबट्याची बातमी पेपरात यावी लागत नाही, ती दुधाबरोबर घरी येते.

नकाशा आधी व्हरांड्यात, फरश्यांवर. एक फरशी म्हणजे एक दोर, हे पोरांनीच ठरवलं. घरांना काडेपेट्या, विजेच्या खांबांना खराट्याच्या काड्या, नळांना निळी बटणं. गाव व्हरांड्यात छान बसलं. तेवढ्यात ठाकरवाडीवरून येणारी तिघं उठली. त्यांनी पावलं मोजताना दर शंभराला एक खडा खिशात टाकला होता. खडे झाले २६. दोर टाकला तर १२१ वेळा टाकावा लागला. म्हणजे वाडी मांडायची तर व्हरांडा संपवून, मैदान ओलांडून, फाटकाबाहेर. ती तिघं खरंच काडेपेट्या घेऊन फाटकाबाहेर गेली आणि तिकडे रस्त्याकडेला १४ घरं मांडून आली.

बाकीच्यांचं गाव ओढ्याला संपलं होतं आणि ते कुणाला खटकलंही नव्हतं. मलाही नाही. पाच वर्षं आहे मी या गावात.

मग कागदावर उतरवताना एका दोराला दोन सेंटिमीटर धरले. गाव एका मोठ्या कार्डशीटवर मावलं, वाडीसाठी आणखी तीन जोडाव्या लागल्या. मधल्या दोन जवळजवळ कोऱ्या, नुसती एक पायवाट. शेवटच्या कागदावर १४ घरं, २ खांब. निळं बटण एकही नाही.

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर हा नकाशा भिंतीवर लावला. सगळे कौतुक करून गेले. सरपंच थांबले, बराच वेळ बघितलं आणि हळूच म्हणाले, "बाई, हे कुणी काढायला सांगितलं?" आवाज चढवला नाही. पण तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आहे.

तर दोन प्रश्न. तुम्ही या वयाच्या मुलांकडून परिसर अभ्यासात, इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्रात, हाताने काय काय करून घेता? आणि या नकाशाचं मी आता काय करू?

ठाणेकरीण
धागा फार आवडला. दुसऱ्या प्रश्नावर बोलायची माझी पात्रता नाही, पहिल्यावर सांगते.

आम्ही फ्लॅटवाले, लेकीला 'परिसर' म्हणजे पार्किंग. तिच्या चौथीच्या सुट्टीत दहा पोस्टकार्डं आणली, ५० पैशांना एक. नातेवाइकांना पत्रं लिहायची आणि सगळ्यांचे पिन कोड एका वहीत उतरवायचे. आमचा ४००६०१, चिपळूणच्या आजीचा ४१५६०५, साताऱ्याच्या मावशीचा ४१५००१. दोन दिवसांनी ओरडत आली, की आजी आणि मावशीचे पहिले तीन आकडे सारखेच! आजी कोकणात, मावशी घाटावर, मध्ये कोयनेचं एवढं मोठं खोरं आणि कुंभार्ली घाट. जिल्हे वेगळे, पण टपालाने दोन्हीकडच्यांना एकाच गटात घातलंय. सरकारी जिल्ह्याची हद्द आणि टपालाची वाटणी या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे तिला तिथे कळलं. मला तर चाळिशीत कळलं. गोव्याच्या काकाचा आकडाही ४ नेच सुरू होतो आणि भोपाळच्या मामाचाही, हा पुढचा शोध. हे सहा आकडे १५ ऑगस्ट १९७२ पासूनचे, म्हणजे आजीच्या लग्नाच्या पत्रिकांवर पिन कोड नसणार. ते तपासायला माळ्यावरची पेटी उतरवली. नव्हताच!

गंमत म्हणजे तिने मुद्दाम आजीला दोन कार्डं टाकली, एक पिन कोड घालून, एक न घालता. बिनपिनचं आधी पोचलं. का, ते आजीला विचारलं तर म्हणाली, "अगो, पोस्टमन मला ओळखतो, पिनला नाय."

सह्यभटका
+१. बिनपिनचं कार्ड भारी!

दिवाळीतल्या किल्ल्याबद्दल कुणीच कसं बोललं नाही? महाराष्ट्रातल्या पोरांना इतिहास-भूगोल हाताने शिकायचा सगळ्यात जुना वर्ग तोच. माती, विटा, पोतं, वर अळीव पेरलं की चौथ्या दिवशी रान. आता रेडीमेड प्लास्टरचे गड मिळतात, मांडले की झालं. मला त्यांचा राग येतो, पण ते जाऊ दे.

आमच्या सोसायटीत मी पोरांना एकच अट घालतो: गडावर पाणी दाखवा. मावळे, तोफा, महाराज हे सगळं नंतर. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आहेत, बदामी तलाव आहे, ते उगीच खोदले नाहीत कुणी. किल्ला लिंपून झाला, की झारीने वरून पाणी सोडायचं आणि कुठून वाहतं ते बघायचं. जिथे साचेल तिथे टाकं. जिथून माती घसरेल तिथे तट बांधायचा नाही. गेल्या वर्षी एका पठ्ठ्याने राजवाडा ओघळीत बांधला आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी राजवाडा पायथ्याला. त्याला आता पाणलोट हा शब्द पाठ करावा लागणार नाही.

खडूफळा, तुम्ही तर जुन्नरच्या. पोरांना नाणेघाटात नेलंत का?

खडूफळा
नेलं ना, गेल्या वर्षी. तिथला तो दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात लोक. त्यात नाणी पडायची एवढं सांगून मी पुढे निघाले, तर एक पोरगं तिथेच उभं. "बाई, भरला की कोण न्यायचं?" सबंध कर-व्यवस्थेचा धडा एका प्रश्नात. घाटाखाली कल्याण, वर जुन्नर, मध्ये बैलांवर माल, हे मग रांजणापाशी बसूनच बोललो. लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख लांबूनच पाहिला. त्यातली ब्राह्मी अक्षरं मी कागदावर आणली होती, पोरांनी शाळेत येऊन धुळपाटीवर गिरवली. 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह असल्यामुळे गणिताच्या वहीत दोन दिवस घोळ झाला.

शंकासुर
सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो.

माझा भाचा अशाच एका 'कृतीयुक्त' शाळेत होता. वर्षभर बाजार भरवला, मातीची भांडी केली, पोस्टात गेले, फोटो आले. पाचवीत आमच्या सिंधुदुर्गातले तालुके विचारले तर तीन आले. आठच आहेत हो! फिरणं, मोजणं, चिकटवणं यात दिवस जातो आणि शेवटी पालकांनाच पाठ करून घ्यावं लागतं. शिष्यवृत्तीच्या पेपरात काडेपेट्या नसतात. ज्यांच्या घरी पाठ करून घेणारं कुणी नाही त्या पोरांनी काय करायचं?

सह्यभटका
@शंकासुर, पाठांतर आणि कृती यांचं वैर कुणी लावलं? आठ तालुके पुठ्ठ्यावर काढून कापा, पोरांना जोडायला द्या. दोडामार्ग खालच्या टोकाला गोव्याला चिकटून आणि वैभववाडी वर, हे एकदा हाताने जोडलं की नावंही राहतात.

शंकासुर
जोडून बघतो. पण शेवटचा प्रश्न तुम्ही टाळलात.

घंटा_झाली
मी ३४ वर्षं प्राथमिक शिक्षक होतो, आता निवृत्त. शंकासुर यांचा शेवटचा प्रश्न रास्त आहे. हाताने केलेल्या कामातून जे कळलं ते बोलून, लिहून, वहीत उतरलं पाहिजे, नाहीतर ती नुसती करमणूक. आणि हे घरी नव्हे, शाळेतच झालं पाहिजे. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांमागे शाळाच कुरणात नेली होती. पोर शाळेत येत नाही म्हणून त्यांनी पोराला दोष दिला नाही.

माझा आवडता पाठ वीरगळांचा. आपल्याकडे गावोगाव देवळाजवळ, वेशीजवळ हे दगड उभे असतात. लोक शेंदूर लावतात, कुणी म्हसोबा म्हणतं. मुलांना आधी काही सांगायचं नाही. फक्त एवढंच, की हा दगड खालून वर वाचा. सर्वांत खाली लढाई, कधी तिथे गाई कोरलेल्या असतात, म्हणजे गुरं वाचवताना पडलेला वीर. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन जाताहेत. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. आणि टोकाला चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य का, हे विचारलं की मुलं बरोबर उत्तर देतात: ते आहेत तोवर याचं नाव राहावं म्हणून. शेजारी कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल तर तो सतीचा. तिथे मुली गप्प होतात. घाई करू नये. दगडावर खडूने रेघा मारू नयेत, पाणी ओतू नये, वही-पेन्सिलने चित्र काढावं.

आता माझी चूक सांगतो, कारण धाग्याला ती उपयोगी पडेल. नोकरीच्या सुरुवातीला मी 'बारा बलुतेदार' हा पाठ नाटकासारखा करून घेतला. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, चांभार अशा भूमिका वाटल्या. मला वाटलं, किती जिवंत शिकवतोय! ज्या मुलाला मी चांभाराची भूमिका दिली, त्याचं घर खरोखर त्याच कामाचं होतं. मी नकळत दिली, की गावाच्या सवयीने माझ्याही हातून ती तशीच वाटली गेली, हे मी आजही ठरवू शकत नाही. पुढे वर्षभर मैदानात त्याला त्याच नावाने हाक मारली गेली. तो चौथीनंतर दुसऱ्या शाळेत गेला.

त्यानंतर मी भूमिका कधी वाटल्या नाहीत. हत्यारं आणायचो. वाकस, पटाशी, रंधा, रापी, आरी, ऐरण, धोकटी. पोत्यात हात घालायचा, एक काढायचं, यानं काय होत असेल ते ओळखायचं, मग वापरणाऱ्यालाच वर्गात बोलवायचं. रापी धरून चामडं सरळ कापायला किती कसब लागतं ते मुलांनी करून पाहिलं, तेव्हा हसू थांबलं. मग प्रश्न: याला पूर्वी पैसे मिळायचे का? नाही, खळ्यावर धान्य मिळायचं. किती, हे कोण ठरवायचं? इथे खरा पाठ सुरू होतो.

सॅनहोजेची_काकू
घंटा_झाली सर, तुमचा प्रतिसाद वाचून इथली साखर आठवली.

कॅलिफोर्नियात चौथीला राज्याचा इतिहास असतो. १७६९ मध्ये सॅन डिएगोपासून १८२३ मध्ये सोनोमापर्यंत स्पॅनिश पाद्र्यांनी २१ मिशनं, म्हणजे धर्मप्रसाराची ठाणी, उभारली. कित्येक वर्षं चौथीतल्या प्रत्येक पोराने यातलं एक मिशन साखरेच्या चौकोनी वड्यांचं किंवा आइस्क्रीमच्या काड्यांचं बांधायचं, हा रिवाज. म्हणजे पोराने कसलं, आईबापांनी. मी थोरल्यासाठी रात्री अकरापर्यंत कमानी चिकटवल्या, सकाळी घंटाघराला मुंग्या! मॉडेल सुरेख झालं. आणि त्या कमानी ज्यांच्याकडून जबरदस्तीने काम करून घेऊन बांधल्या, जे मूळचे लोक तिथे आजारांनी पटापट मेले, त्यांच्याबद्दल माझ्या पोराला एक अक्षर कळलं नाही. मलाही नाही, मी डिंक शोधत होते.

२०१६ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात मग स्पष्टच लिहिलं, की साखरेची मिशनं बांधून त्या काळाची समज येत नाही, आणि ज्यांच्या पूर्वजांनी ते सोसलं त्यांना ते दुखावणारंही आहे. धाकटीच्या वेळी वर्गात वेगळाच प्रश्न होता: मिशनमध्ये एक दिवस कसा जायचा, पाद्र्याचा आणि तिथल्या मुलाचा. तिने घड्याळाच्या दोन चकत्या कापल्या, एक त्याची, एक ह्याची. अर्ध्या तासाचं काम, साखर शून्य. अजून आठवतं तिला.

अवांतर: आमच्या रविवारच्या मराठी शाळेत किल्ला करतो. अळीव मिळालं नाही म्हणून चिया पेरलं, मस्त उगवतं.

माजी_सदस्य
एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होतो, त्यामुळे बाईंच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो.

बाई, नकाशा घेऊन तुम्ही पंचायतीत जाऊ नका. तुमची बदली सोपी, वाडीचं पाणी अवघड. पोरांनाही पुढे करू नका, ती ८-९ वर्षांची आहेत, त्यांच्या खांद्यावर मोठ्यांचं भांडण नको. वाडीतले पालक मतदार आहेत. शाळा व्यवस्थापन समितीवर वाडीतलं कुणी आहे का बघा. त्यांनी साधा अर्ज करावा, नकाशाची प्रत जोडावी आणि ग्रामसभेत विषय वाचायला लावून इतिवृत्तात नोंद घ्यायला लावावी. नोंद झाली का ते तिथेच वाचून घ्यायचं, घरी जाऊन नाही. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी असेल ती. वाडीतल्या बाया आल्या तर ती लवकर भरते, हा अनुभव.

पोरांना द्यायचंच तर गणित द्या. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी रोज ५५ लिटरचा आहे. घरात किती माणसं, किती लिटर झाले, हंडा किती लिटरचा, किती हंडे भरले पाहिजेत आणि किती भरतात. गावातल्यांनीही मोजायचं, फक्त वाडीतल्यांनी नाही. नाहीतर पुन्हा तेच.

घंटा_झाली
शेवटचं वाक्य महत्त्वाचं. सहमत.

शंकासुर
मी सगळ्यांशी वाद घालतो, पण माजी_सदस्य यांच्याशी नाही. भाच्याने पुठ्ठ्याचे तालुके जोडले. कुडाळ उलटं लावलं होतं, पण आठही आले.

खडूफळा
उशिरा लिहितेय, परीक्षा आणि ऑनलाइन माहित्या भरण्यात दोन महिने गेले.

हंड्यांचं गणित केलं. आधी हंडा किती लिटरचा यावर दिवस गेला, कारण प्रत्येकाच्या घरचा वेगळा. पाण्याच्या लिटरच्या बाटल्यांनी हंडे भरले, बहुतेक १५ च्या आसपास. पाच माणसांचं घर म्हणजे २७५ लिटर, म्हणजे १८ हंडे भरून वर थोडं. गावातल्या पोरांनी नळ सुटल्यापासून बंद होईपर्यंत बसून मोजलं, काहींचे २५ च्या वर गेले, कारण त्यात म्हशी होत्या. म्हशींना धरायचं का यावर जोरदार वाद. वाडीवरच्या एका घरात सहा माणसं, हवेत २२ हंडे, झाले ८. तिथली पोरगी म्हणाली, "आठ झाले कारण त्या दिवशी मी पण गेले." शाळा बुडवून. मी हजेरी बघितली, होती गैरहजर. कारणाच्या रकान्यात मीच 'आजारी' लिहिलं होतं.

१ मेला सकाळी निकाल, त्यानंतर ग्रामसभा. वाडीतल्या नऊ बाया आल्या. अर्ज वाचला गेला, नोंद झाली, एकीने ती मोठ्याने वाचून घेतली. आधीच्या योजनेत वाडी धरलीच नव्हती, पुढच्या आराखड्यात घेऊ, असं उत्तर मिळालं. नळ अजून नाही, म्हणून पेढे मागू नका.

सरपंचांचं राहिलंच. नकाशा त्यांनी पुन्हा नीट पाहिला आणि म्हणाले, माझं घर रस्त्याच्या चुकीच्या बाजूला दाखवलंय. पोरं इरेला पेटली, दोर आणला, सगळी वरात त्यांच्या दारात. सरपंच बरोबर होते. काडेपेटी उचलताना डावं-उजवं झालं होतं. चौथीच्या पोरांनी तिथेच खोडून दुरुस्त केलं आणि त्यांना सही करायला लावली. त्यांनी केली.

ठाणेकरीण
सही!!! नकाशाचा फोटो टाका ना इथे.

खडूफळा
टाकते. पण नऊ फूट लांब आहे, एका फोटोत वाडी येत नाही. तीन करून टाकते.